सोमवारच्या आधीचा शनिवार

सोमवार ते शुक्रवार मी बारीक होते आणि शनिवार-रविवारी माझे नातेवाईक मला पुन्हा जाड करतात. उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. वर सोमवारी तेच नातेवाईक फोन करून विचारायचे, "काय कातिरा आत्या, उतरलं का काही वजन?" मी खरं सांगितलं की च्‌ च्‌ करायचे. म्हणायचे, तोंडावर ताबा पाहिजे माणसाचा.

माझं तोंड माझ्या ताब्यात आहे. यांचे हात नाहीत, त्याला मी काय करू?

माझा उजवा गुडघा गेला आहे. तालदिकोर्गान शहरातल्या इस्पितळात मार्झान नावाची डॉक्टरीण आहे, माझ्या नातीहून थोडीच मोठी. तिने माझ्या हाडाचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाली, "आजी, हाडावर हाड घासतंय. नवा सांधा बसवू. सरकारी खर्चाने होईल, तुमचा नंबर लागलाय. फक्त वजन नव्वदच्या आत आणा." ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी ती वजन करणार होती. नव्वदच्या आत असले तर नोव्हेंबरात सांधा. नसले तर नंबर मागच्या माणसाला, आणि माझं पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी म्हणजे मधे एक हिवाळा आला. आमच्या कारासाझ गावात संडास अंगणाच्या टोकाला असतो, गोठ्याच्या मागे. डिसेंबर लागला की त्या वाटेवरचा बर्फ पायांनी तुडवून तुडवून काचेसारखा होतो, तो मार्चपर्यंत तसाच. गेल्या हिवाळ्यात ती वाट मी सुनेच्या दंडाला धरून चालले. झानार चांगली पोर आहे, तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. दाराबाहेर थंडीत उभी राहायची, पाय आपटायची आणि हळूच विचारायची, "आई, झालं?" मी जन्मभर फार्मवर गाई पिळल्या. लाथ मारणाऱ्या गाईसुद्धा माझ्याकडे द्यायचे. अशा मला आता विचारतात, झालं का! असा दुसरा हिवाळा मला नको होता, एवढंच. मला काही कुणाच्या लग्नात नाचायचं नव्हतं.

म्हणून सकाळी एक उकडलेलं अंडं आणि कोरा चहा. दुपारी कोबी-गाजराचं सूप. संध्याकाळी वाटीभर दही. खुर्चीत बसल्या बसल्या पाय वर-खाली करायचे. नात अकबोता हिने शहरातून वजनाचा काटा आणून दिला. तो सतरंजीवर खोटं बोलतो, म्हणून ओसरीच्या फरशीवर ठेवला. शुक्रवारपर्यंत आकडा दरवेळी खाली यायचा. मग शनिवार उजाडायचा.

शनिवारी कुणाच्या तरी चालायला लागलेल्या बाळाच्या पायातली दोरी रीतीने कापायची असते. कुणाच्या पोराची सुंता, कुणाचं नवं घर, कुणाच्या गेलेल्या म्हाताऱ्याचा चाळिसावा दिवस. प्रत्येक ठिकाणी मेंढा कापलेला. मी वयाने मोठी, त्यामुळे मला बोलवावंच लागतं, मला मानाच्या जागी बसवावंच लागतं, आणि मानाच्या जागी बसलेल्या बाईच्या ताटातला चरबीचा तुकडा सगळं घर मोजत असतं. नाही गेले तर पुढच्या शनिवारी बोलणी. गेले आणि दारातूनच परत फिरले तरी ब्रेडचा तुकडा मोडून तोंडात घालावाच लागतो, त्याच्याबरोबर लोणी, लोण्याबरोबर चहा, आणि चहाला बसलीच आहेस तर...

डॉक्टरीणबाईला मी हे सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "आजी, जाण्याआधी घरी थोडी काकडी खाऊन जा. आणि तिथं नम्रपणे नाही म्हणा."

नम्रपणे! ही पोर कुठे वाढली, मला कळेना. आमच्याकडे नम्रपणे नाही म्हटलं की म्हणतात, लाजतेय, वाढा अजून. दुसऱ्यांदा नाही म्हटलं की म्हणतात, आमच्या घरचं हिला चालत नाही वाटतं. आणि रागाने नाही म्हटलं की म्हणतात, भूक लागली असेल म्हणून चिडली, वाढा लवकर.

तरीही मी उतरत होते. दोन पावलं खाली, एक पाऊल वर, पण उतरत होते. त्या शेवटच्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी काट्याने नव्वदच्या वर अर्धा किलो दाखवला. फक्त अर्धा. दोन दिवस सूप आणि दही, की झालं. मी ओसरीवर उभी राहून एकटीच हसले.

दुपारी माझा मुलगा तालगात आत आला, टोपी हातात घेऊन. टोपी हातात घेऊन आला की काहीतरी वाईट असतं.

"आई, उद्या अकबोताच्या होणाऱ्या सासरचे येतायत. सोयरीक पक्की करायला."

"उद्या? आणि हे तू मला आज सांगतोस?"

"त्यांचाच आत्ता फोन आला. मुलाच्या मोठ्या काकांना उद्याच सवड आहे."

"तालगात, सोमवारी माझं वजन आहे."

"माहितेय गं. पण व्याह्यांना असं कसं सांगायचं, की आईचं वजन आहे, नंतर या?"

"का नाही सांगायचं? मी काय चोरी करायला चाललेय?"

तो टोपी हातात फिरवत म्हणाला, "एकच घास, आई. कलेजी आणि शेपटीची चरबी. त्याच्याशिवाय कसं होणार?"

त्याच्याशिवाय होत नाही, हे मला तो काय सांगणार! सोयरीक पक्की करताना मेंढ्याच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एकत्र कापतात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना हाताने भरवतात. तो घास गिळला की मुलगी दिली आणि घेतली. मग कुणी मागे फिरत नाही. आणि ज्याने तोंड मिटलं, त्याने मुलगी नाकारली. आमच्या घरात माझा नवरा गेल्यापासून तो घास मीच घेते. मीच मोठी.

"एक घास," मी म्हटलं. "त्याच्या वर एक सुद्धा नाही. आणि तुला तिथं माझ्या बाजूने बोलायला लागेल."

"बोलेन की."

शनिवारी पहाटेपासून घरात धूर, मीठ आणि बायका. माझी धाकटी जाऊ शारबान सगळ्यांच्या आधी हजर. तिच्या हातात तिने घरी आतड्यात मांस भरून केलेली काझी, माझ्या दंडाएवढी जाड. घोड्याच्या मांसाची अशी काझी आमच्या गावात दुसऱ्या कुणाला भरता येत नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "अगं बाई! गालफडं बसली की तुमची, जाऊबाई. व्याही म्हणतील, या घरात म्हातारीला उपाशी ठेवतात."

"व्याह्यांना सांग, म्हातारी स्वतःच उपाशी राहते."

"ते जास्त वाईट दिसतं," शारबान म्हणाली आणि काझी पातेल्यात टाकली.

पाहुणे यायच्या आधी अकबोता माझा डोक्याचा रुमाल नीट करायला आली. माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजी, तू नाही खाल्लंस तरी मी लग्न करणारच आहे. तू तुझ्या गुडघ्याचं बघ."

"गप्प बस," मी म्हटलं. "तुला कुणी विचारलं?" पण तिचा हात मी जरा वेळ सोडला नाही.

पाहुणे आले. एक गाडी, मग दुसरी, मग तिसरी. पुढे मोठे व्याही, म्हणजे मुलाचे ते मोठे काका, उंच, फरची टोपी, पोट पुढे. त्यांच्या मागे मुलाची आजी, दामेश. माझ्याच वयाची, माझ्याहून रुंद, सोन्याचे दात, दहा बोटांत सहा अंगठ्या. दारातच तिने मला मिठी मारली, दोघींच्या मधे हवा राहिली नाही. "विहीणबाई!" ती ओरडली. "तुम्ही आजारी आहात का? किती वाळलात!"

सगळे गाद्यांवर बसले. माझा गुडघा वाकत नाही म्हणून मला मानाच्या जागी खुर्ची. मी वर, बाकी सगळे खाली. त्यामुळे माझ्या ताटात काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं, पण मी काय चावते ते सगळ्यांना दिसत होतं.

आधी चहा, बाऊरसाक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, मनुका, साय, लोणी, मध. मी कोरा चहा धरून बसले. मग कलेजी आणि चरबीचं ताट आलं. दामेश उठली. बाह्या मागे सारल्या. पांढरीशुभ्र चरबी, तिच्यात गुंडाळलेली कलेजी, तिच्या बोटांवरून रस ओघळत होता. तिचा हात माझ्या तोंडासमोर आला. मी अकबोताकडे पाहिलं. ती दारापाशी उभी होती, ओढणीचं टोक दातात धरून. मला म्हणाली होती ना, मी लग्न करणारच आहे. मग आता श्वास कशाला रोखून धरला होता?

मी तोंड उघडलं.

खोटं सांगत नाही, तो घास असा विरघळला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती महिने मी कोबी खात होते! मग मी दामेशला भरवलं आणि उरलेली चरबी रीतीप्रमाणे तिच्या गालांना फासली. ती किंचाळली, सगळे हसले, व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. अकबोता दिली. झालं. माझं काम संपलं, असं मला वाटलं.

शारबान माझ्या खुर्चीशी सरकली. तिने माझ्या ताटात बाऊरसाकांची रास ओतली. "आता पथ्य मोडलंच आहे ना, जाऊबाई? मग आज मनसोक्त खा. सोमवारपासून परत सुरू करा."

"हो हो!" कुणीतरी म्हणालं. "सोमवारपासून!"

"आमचा जावई पण सोमवारपासूनच सुरू करतो. दर सोमवारी!"

हशा.

"माझा सोमवार परवा आहे," मी म्हटलं. कुणी ऐकलं नाही. मागून एक हात आला आणि माझ्या कोऱ्या चहात साय पडली. कुणाचा हात, अजून कळलेलं नाही. दुसरा हात आला, लोण्याचा गोळा. व्याह्यांनी स्वतःच्या ताटातून चरबीचा तुकडा उचलून माझ्याकडे धरला. "विहीणबाई, बायकांच्या हातचं खाल्लंत. माझ्या हातचं नको? सोयरीक काय अर्धीच करायची?"

"व्याहीबुवा, माझं ऑपरेशन आहे. सोमवारी वजन करणार आहेत माझं."

"अहो, एका तुकड्याने काय होतंय? पक्ष्याएवढं तर खाता तुम्ही!"

"पक्ष्याएवढं खाऊन ही अशी कशी झाली?" शारबान म्हणाली, आणि पुन्हा हशा.

संताप माझ्या पायांतून वर चढत होता, ज्या पायांतून एरवी फक्त कळ चढते. हे सगळे उद्या आपापल्या घरी जाणार. यांतला एक तरी जानेवारीत मला दंडाला धरून गोठ्यामागे नेणार आहे का? ही साय ओतणारी बाई दाराबाहेर उभी राहून विचारणार आहे, आई झालं का? नाही. ती सोमवारी फोन करून च्‌ च्‌ करणार. मी तालगातकडे पाहिलं. तो माझ्या बाजूने बोलणार होता.

तालगात उठला. त्याने शारबानच्या काझीचा जाड काप उचलला, माझ्या ताटात ठेवला आणि ओठ न हलवता म्हणाला, "आई, खा ना. लोक बघतायत."

तेव्हा मी हात वर केले. दोन्ही तळवे उघडून, तोंडासमोर.

आता हे ज्याला माहीत नाही त्याला सांगते. आमच्याकडे जेवण ताट रिकामं झालं म्हणून संपत नाही, पोट भरलं म्हणूनही नाही. सगळ्यांत मोठं माणूस हात वर करून शेवटची दुवा देतं, सगळे आमीन म्हणून तोंडावरून हात फिरवतात, आणि तिथं जेवण संपतं. त्याच्यानंतर समोर अंथरलेल्या दस्तरखानावरचं काही तोंडात घालायचं नाही. लहान मूलसुद्धा घालत नाही. आणि त्या खोलीत सगळ्यांत मोठी मी होते. दामेश माझ्याहून काही महिन्यांनी लहान निघाली, हे आम्ही दारातच ठरवलं होतं.

हात वर झालेले दिसले की आमच्या माणसांचे हात आपोआप वर जातात. विचार करायला वेळ नसतो. गेले सगळ्यांचे. व्याह्यांचेसुद्धा, चरबीचा तुकडा धरलेल्या बोटांसकट.

"या घरावर आणि आलेल्यांच्या घरावर छप्पर टिको," मी मोठ्याने म्हटलं. "पोरांचा संसार सुखाचा होवो. परत जाताना पाहुण्यांचा रस्ता कोरडा असो. आणि या घरातल्या म्हातारीला या हिवाळ्यात स्वतःच्या पायांनी अंगणाच्या टोकापर्यंत जाता येवो, कुणाच्या दंडाला न धरता, आणि बाहेरून कुणी न विचारता, झालं का. आमीन!"

"आमीन," सगळ्यांनी म्हटलं आणि तोंडावरून हात फिरवले.

 दारात झानार आणि शेजारीण उभ्या होत्या. दोघींच्या मधे मांसाचं भलंमोठं ताट, खाली पोळ्यांचे तुकडे, वर मेंढ्याचं डोकं, वाफ निघत असलेलं. ज्याच्यासाठी सगळे सकाळपासून आले होते ते जेवण उंबरठ्यावर येऊन थांबलं होतं.

"हे काय केलंत!" शारबानचा आवाज फाटला. "मांस तर अजून यायचंय!"

"दिसतंय मला," मी म्हटलं.

व्याह्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. आमीन म्हटलेल्या माणसाला तो खाता येत नव्हता. ते उठले, त्यांच्यामागे त्यांची माणसं उठली. टोपी डोक्यावर घालत ते तालगातला म्हणाले, "एवढं वय झालं माझं, व्याह्याच्या घरून मांस न खाता आजवर परत गेलो नव्हतो."

तालगातचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तेवढ्यात दामेश, गालांवर अजून चरबी चमकत होती, झानारला म्हणाली, "उभी काय राहिलीस, पोरी? पिशव्या आण. पाहुण्यांना उरलेलं बांधून देतात ना? सगळंच उरलंय. सगळंच बांध." मग व्याह्यांकडे वळून, "आणि तुम्ही, मांसाशिवाय कुठं चाललाय? डोक्यासकट चाललाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. व्याही हसले नाहीत.

दामेशने मला विचारलं, "वाट एवढी वाईट आहे का तुमची?"

"या, दाखवते."

मी काठी घेतली. तिने दुसरा हात धरला. आम्ही दोघी अंगणातून गोठ्यामागे गेलो, धापा टाकत, मधे दोनदा थांबून. अजून बर्फ नव्हता, नुसता चिखल होता. तिने ती उतरण पाहिली, मोडकं दार पाहिलं, आतला फळ्यांमधला खड्डा पाहिला.

"अगं बाई," ती म्हणाली. "मग हे आधी सांगायचं ना!"

"सांगायचं?" माझा आवाज इतका चढला की कोंबड्या उडाल्या. "उन्हाळ्यापासून सांगतेय! सगळ्यांना सांगतेय! भिंतीला सांगितलं असतं तर भिंत सरकली असती! आत्ता तिथं बसून सांगत होते, तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

दामेशने गालावरची चरबी पुसली. "काझी खात होते," ती म्हणाली. "फार चांगली होती."

रविवारी शारबानने गावभर फोन केले. संध्याकाळपर्यंत अशी गोष्ट झाली होती की कातिराने भुकेल्या व्याह्यांना काठी उगारून हाकललं. तालगात माझ्याशी बोलत नव्हता. कप आपटून चहा प्यायचा आणि बाहेर जायचा. मीही त्याच्याशी बोलले नाही. बोलायचं त्याने होतं, शनिवारी. समोरच्या घरी नातवाचं बारसं होतं, हसण्याचा आवाज येत होता, भट्टीतल्या ब्रेडचा वास येत होता. मला कुणी बोलवायला आलं नाही. किती वर्षांत पहिल्यांदा असा रविवार. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. मग मी एक गाजर सोलून खाल्लं.

सोमवारी तालगातने गाडी काढली. शहर येईपर्यंत एक शब्द नाही. इस्पितळाच्या पायऱ्यांशी मात्र तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं."

"हो," मी म्हटलं. "पाहिजे होतं. हात दे."

आत नर्सने काट्याकडे बोट दाखवलं. मी कोट काढला, बंडी काढली, चांदीची कडी काढली. कानातल्याला हात घातला तेव्हा नर्स म्हणाली, "आजी, तेवढं राहू द्या." मी काट्यावर चढले. नव्वदच्या आत. थोडंसंच आत, पण आत. मी नर्सला पुन्हा बघायला लावलं.

मार्झान डॉक्टरीण आकडा बघून खूश झाली. "बघा आजी! मी म्हटलं होतं ना? नम्रपणे नाही म्हटलं की लोक ऐकतात."

मी कडी परत हातात घालायला घेतली. काय बोलणार? मला तिच्याकडून सांधा बसवून घ्यायचा होता.

"आता ऑपरेशनपर्यंत एवढंच ठेवायचं हं," ती म्हणाली. "अजून तीन शनिवार-रविवार आहेत. त्या दिवशी सकाळी परत वजन करू."

गाडीत बसतो न बसतो तोच तालगातचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. दामेशचा आवाज सगळ्या गाडीत घुमला.

"विहीणबाई! झालं का तुमचं? नव्वदच्या आत आलात? शाब्बास! आता या शनिवारी तुम्ही आमच्याकडे. आमच्या मोठ्यांचा राग गेलाय, मेंढ्याचं डोकं एकट्यानेच खाल्लं त्यांनी. हिवाळ्याच्या बेगमीसाठी घोडा कापतोय. नाही म्हणायचं नाही!"

तालगात माझ्याकडे बघत होता. नाही म्हटलं तर अकबोता त्या घरात काय ऐकून घेईल, ते मला माहीत होतं. हो म्हटलं तर काय होईल, तेही माहीत होतं.

"येते," मी म्हटलं. "माझ्या ताटात मी घेईन तेवढंच. दुसऱ्या कुणाचा हात आला, की मी माझे हात वर करणार."

 मग दामेश तोंड फोनपासून बाजूला करून तिच्या घरात कुणावर तरी ओरडली, "ऐकलंत का रे? शनिवारी मांस आधी वाढा! चहा नंतर!"